मांडुळाखाली काय घालावे

जयपूरच्या जवाहर नगरात आमच्या समोरच्या घरी उमाकांतरावांनी साप आणून ठेवला, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन काहीतरी विचारले. काचा कुठून आणल्या, चौकट सागवानी आहे का, आतला दिवा किती वॅटचा, साप चावतो का. त्या सापाच्या पोटाखाली काय घातले आहे आणि ते का घातले आहे, हे एकानेही विचारले नाही. ज्याला पाय नाहीत, ज्याचा सगळा संसार पोटावर चालतो, त्या प्राण्याविषयी विचारण्याजोगा खरे म्हणजे तेवढा एकच प्रश्न होता.

साप म्हणजे मांडूळ. जयपूरकडे त्याला दोमुंही म्हणतात. शेपूट तोंडासारखीच बोथट असते आणि जवळ जाऊन पाहण्यापेक्षा दोन तोंडे आहेत असे मानणे सोपे पडते. बिनविषारी, सुस्त, मातीच्या रंगाचा आणि मातीच्या आतच राहणारा जीव. शहराबाहेरच्या कानोता गावात एका शेताच्या बांधात तो सापडला आणि कोणीतरी तो कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आणून दिला. विभागातली मांडुळाची जुनी बरणी फुटली होती. त्यामुळे याला फॉर्मलीनमध्ये घालून नवी बरणी करायची, असे ठरले. उमाकांतरावांची मुलगी यमुना त्याच विभागात शिकत होती. तिने प्रमुखांकडे रदबदली केली. ते म्हणाले, "दसऱ्याआधी विभागाची तपासणी आहे. तोपर्यंत हा खायला लागला आणि धडधाकट दिसला, तर जिवंत दाखवू. नाहीतर बरणी धुऊन ठेवलेली आहे."

अशा अटीवर तो साप त्या घरात आला. पकडल्यापासून त्याने काहीही खाल्लेले नव्हते.

उमाकांतराव रेल्वेच्या लेखा विभागात अधिकारी. मुलीच्या हौसेला आपण मान दिला, असे ते सांगत. माझ्या मते त्यांनी दिवाणखान्याला मान दिला. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही त्यांचा होता आणि रविवारच्या सिनेमाला त्यांच्याकडे सतरंजीवर जागा पुरत नसे. पुढे आणखी दोन घरांत टीव्ही आले आणि सतरंजी रिकामी दिसू लागली. अशा वेळी साप उपयोगी पडला. टीव्हीशेजारच्या शोकेसमधल्या बाहुल्या काढून तिथे तो ठेवण्यात आला. तळाशी पांढरेशुभ्र संगमरवरी खडे पसरले होते, मोझॅकच्या लाद्यांत घालतात ते. वर दिवा. खड्यांवर मांडूळ असे पडले होते, जणू कोणी धुतलेल्या फरशीवर सायकलची जुनी ट्यूब टाकून गेला आहे.

"कसं वाटतं, शेषराव?" उमाकांतरावांनी विचारले.

"कोणाला?"

"तुम्हाला हो. सापाला काय वाटायचंय!"

मी त्याच रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फाउंड्रीचा फोरमन होतो. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलो तो थेट वाळूत शिरलो आणि निवृत्त होईपर्यंत वाळूतच राहिलो. साच्याची वाळू बिघडली की ओतीव काम बिघडते. म्हणून वाळूचा दाणा, ओल आणि चिकटपणा पाहिल्याशिवाय तिथे कोणी पुढचे पाऊल टाकत नाही. मी म्हणालो, "उमाकांतराव, हा मातीत घुसून राहणारा प्राणी आहे. त्याचं नाक फावड्यासारखं असतं. या खड्यांत तो घुसू बघणार आणि नाक सोलून घेणार."

"तुमच्या फाउंड्रीत साप होते वाटतं?"

"वाळू होती."

"मग वाळूचं तुम्ही बघा, सजावटीचं मी बघतो."

नाक सोलले. यमुनेने ते वडिलांना दाखवले, तेव्हा त्यांनी चूक कबूल करण्याऐवजी दुसरी चूक केली. एका वरिष्ठांना सोडायला ते सांगानेरच्या विमानतळावर गेले होते. परतताना कापडछपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिरांकडून त्यांनी पोतेभर भुसा आणला आणि खडे काढून तो शोकेसमध्ये ओतला. खडे फेकले मात्र नाहीत, धुऊन जपून ठेवले.

"मऊ पाहिजे होतं ना? घ्या, गादी!" ते मला म्हणाले.

श्रावणातल्या दमट हवेत लाकडाचा बारीक भुसा पाणी ओढून घेतो आणि सोडायचे नाव घेत नाही. शिवाय तो धुळीसारखा उडतो आणि ओल्या तोंडाला चिकटतो. हे कळण्यासाठी सर्पशास्त्र शिकावे लागत नाही. भुश्यात ओला हात घालून पाहणाऱ्यालाही ते कळते. पण उमाकांतरावांची गादीची कल्पना माणसाच्या झोपेवरून आलेली होती आणि माणसाला जे आवडते ते सर्व प्राण्यांना आवडावे, असा त्यांचा हुकूमच होता.

यमुना माझ्याकडे आली ती त्यानंतर. जन्मापासून जयपूरला वाढलेली मुलगी. मराठी बोलताना मध्येच हिंदीत जाऊन परत येई.

"काका, मतलब मला खरं सांगा. हा मरणार का?"

"या भुश्यात राहिला तर तपासणीपर्यंत बरणीसाठी तयार होईल."

ती रडली नाही. तिने विचारले, "मग काय घालू?"

त्या घरातून तो प्रश्न पहिल्यांदाच बाहेर आला होता. मला ती मुलगी त्या क्षणी आवडली.

आम्ही पद्धतशीरपणे सुरुवात केली. आमच्याच गल्लीत एका बांधकामापुढे बजरीचा ढीग होता. नदीतली जाड वाळू. प्रत्येक दाण्याला कोपरे. ती सिमेंटला चांगली, पोटाला नाही. मग टिब्ब्यांकडची, म्हणजे वाळवंटी टेकाडांवरची, पिवळी वाळू मिळवली. ती इतकी बारीक आणि गुळगुळीत की बोट घालून बीळ केले तर बोट काढताच बुजले. अशा वाळूत मांडूळ शिरेल, पण त्याचा मार्ग त्याच्या मागे उरणार नाही. शेवटी मी यमुनेला म्हणालो, "आपण उगाच अंदाज बांधतो आहोत. तो जिथून आणला, तिथेच जाऊन पाहू."

बसने कानोत्याला गेलो. तिथल्या धरणावर सहलीला आलेली मंडळी भजी खात होती. पाण्याच्या काठचा गाळ मी हातात घेतला आणि टाकून दिला. वाळला की त्याची वीट होते. वरच्या शेतांच्या बांधावरची माती मात्र वेगळी होती. वाळूच जास्त, चिकणमाती नावापुरती. ओली करून मुठीत दाबली की गोळा होई आणि बोटाने टोचताच गोळा मोडे. साच्याच्या वाळूची आम्ही अगदी अशीच परीक्षा घेत असू. बाटलीत पाण्याबरोबर घुसळून ठेवली, तर जवळजवळ सगळी वाळू चटकन तळाला बसली आणि वर गढूळ मातीची एक पातळ साय राहिली.

"म्हणजे बीळ टिकेल," यमुना म्हणाली.

"टिकेल आणि दगडासारखं होणार नाही. बस्स, एवढंच पाहिजे."

गोणी घेऊन घरी आलो. गोचिडी आणि किडे मरावेत म्हणून ती माती मी घमेल्यात, शेगडीवर, थोडी थोडी करून भाजली. मग चाळली. चाळण अर्थात स्वयंपाकघरातून आली.

माझी पत्नी द्वारका दारात उभी राहून म्हणाली, "आयुष्यभर वाळूत काढलं, आता निवृत्तीनंतर ती भाजून खायची राहिली होती."

"सापासाठी आहे."

"ते दिसतंय. माझ्यासाठी रवासुद्धा कधी भाजला नाहीत."

भाजलेली, चाळलेली, थंड झालेली माती घेऊन मी आणि यमुना समोरच्या घरी गेलो. शोकेसची काच मी सरकवणार, तोच यमुनेची आई, अनुसयावहिनी, हात पुसत बाहेर आल्या.

"भाऊजी, आज नका हात लावू. उद्या इकडची नागपंचमी."

नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, मातीतल्या सापाला इजा होऊ नये म्हणून, हे मला माहीत होते. माझी आईही त्या दिवशी विळी उभी करत नसे. मी म्हणालो, "वहिनी, हे शेत नाही, शोकेस आहे."

"साप राहतो ते वारूळ. काचेचं असलं म्हणून काय झालं?"

"बरं, परवा येतो."

"परवाही नको. इकडच्यांची उद्या, आपली पंधरवड्यानं. इकडचा श्रावण आधी लागतो ना! दोन्ही पंचम्यांच्या मधे उकरायचं म्हणजे व्रत अर्ध्यात मोडल्यासारखं होईल."

असा नियम त्यांच्या माहेरी सोलापूरला नाही. जयपूरलाही नाही. जयपूरच्या बायकांनी आपली पंचमी केली, दुसऱ्या दिवशी कुंड्या उकरल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. दोन पंचम्या एका घरात आल्या की त्यांच्या मधली जागाही सोवळी होते, हा शोध त्याच स्वयंपाकघरात लागला आणि तिथेच अमलात आला.

मी उमाकांतरावांकडे पाहिले. ते शिकलेले होते, निदान तशी त्यांची समजूत होती. ते म्हणाले, "तिच्या श्रद्धेत मी पडत नाही, शेषराव. शिवाय आपल्या पंचमीला मिलिटरी स्टेशनमधली मराठी मंडळी बोलावली आहेत. जिवंत नाग पाहायला. तुमच्या मातीत तो गडप झाला, तर त्यांना काय माती दाखवू?"

"तो नाग नाही. त्याला फणा नाही."

"तेवढं कोण बघतंय!"

हे मात्र खरे होते. त्या घरात तेवढे कोणीच बघत नव्हते.

यमुना म्हणाली, "मग मी त्याला काकांकडे नेते. उकरायला नको, काही नको."

"पंचमीच्या तोंडावर घरचा नाग घराबाहेर?" अनुसयावहिनी कडाडल्या. "तुझं कॉलेज तुला हेच शिकवतं का?"

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. शेजारणी आल्या. शोकेसची काच थोडी सरकवून प्रत्येकीने आत हळदकुंकू टाकले, लाह्या टाकल्या आणि दूध ओतले. साप दूध पीत नाही. पण भुसा पितो आणि त्याने ते भक्तिभावाने प्यायले. पुढच्या सोमवारी पुन्हा दूध, श्रावणी शुक्रवारी पुन्हा. यमुना चमच्याने ओला भुसा काढू लागली, तर आईने हातातला चमचा काढून घेतला. पंधरवडाभर मी माझ्या व्हरांड्यातून त्या घराकडे पाहत होतो आणि आंबलेल्या दुधाचा वास रस्ता ओलांडून येत होता. उमाकांतरावांनी त्यावर उदबत्ती लावली. रोगावर उपाय न करता वासावर करायचा, हा त्यांच्या स्वभावाला धरूनच होता.

दरम्यान मी एक काम केले. आमची जुनी लोखंडी ट्रंक व्हरांड्यात आणली, झाकणाला जाळी बसवली आणि तळाला वीतभर माती घातली. एका कोपऱ्यात ओलसर शेवाळ घातलेले मडके आडवे पुरले; बाकी सगळे कोरडे. द्वारकेने विचारले, "ट्रंकेत कोण येणार आहे?"

"कोणी आलं नाही, तर तुझी चाळण वाया गेली असं समज."

आपली नागपंचमी उजाडली. उमाकांतरावांचा दिवाणखाना भरला. साताऱ्याकडचे एक मेजर आणि त्यांच्या पत्नी मालनबाई पहिल्याच रांगेत होत्या. शेतकऱ्याच्या घरातल्या मालनबाई, बोलायला मोकळ्या. उमाकांतरावांनी दिवा लावला आणि भाषणाला सुरुवात केली. "नाग हे आपल्या संस्कृतीचं..." असे काहीतरी. दिवा लागताच मांडूळ भुश्यावर आले. ते खाली राहूच शकत नव्हते. खाली दही होते.

मालनबाई पुढे वाकल्या. "अहो, हा तर नासलाय!"

"कात टाकतोय," उमाकांतराव म्हणाले.

"कात? माझ्या बापाच्या रानात मी कातीच्या राशी बघितल्यात. कातीला असला वास येत नसतो. पोटावर फोड आहेत बघा त्याच्या."

कोणीतरी रुमाल नाकाला लावला. पाठोपाठ सगळ्यांनी लावले. उमाकांतरावांचा चेहरा आधी पडला, मग तापला. सापाची त्यांना लाज वाटली. स्वतःची वाटायला हवी होती, पण ती सवय नव्हती.

"उद्याच्या उद्या हा कॉलेजला देऊन टाक," ते यमुनेला म्हणाले. "घालू देत बरणीत. निदान वास तरी येणार नाही."

यमुनेने काच पूर्ण सरकवली. ओंजळीत तो साप उचलला आणि पाहुण्यांच्या मधून सरळ बाहेर निघाली.

"यमे! कुठं चाललीस? ठेव तो!"

"बरणीत ठेवायला चालले नाही, पप्पा."

ती रस्ता ओलांडून आमच्या व्हरांड्यात आली. मागे तिची आई, तिच्या मागे उमाकांतराव, त्यांच्या मागे मेजर, मालनबाई आणि ज्यांना वास सहन होत नव्हता पण तमाशा सहन होत होता असे बाकीचे. मी ट्रंकेचे झाकण उघडून बाजूला झालो.

अनुसयावहिनी ओरडल्या, "भाऊजी, आज माती उकरू नका! आज खरी पंचमी!"

"मी उकरत नाही," मी म्हणालो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "यमुनासुद्धा उकरणार नाही."

तिने तोवर कोमट पाण्यात फडके बुडवून त्याचे पोट पुसले होते. मग तिने त्याला मातीवर ठेवले. काही वेळ तो पडून राहिला. उमाकांतरावांनी घसा साफ केला. बहुधा 'मी म्हणालो होतो' म्हणण्याची ती तयारी होती. इतक्यात त्या बोथट, सोललेल्या नाकाने माती चाचपली, खाली दाबली आणि तो आत शिरला. घाई नव्हती. पाठीचा एक एक भाग मातीच्या आत जात राहिला आणि मागे बिळाचे तोंड तसेच उघडे उरले. शेवटी शेपूट, जिला हे सगळे लोक दुसरे तोंड मानत, तीही गेली.

मी म्हणालो, "वहिनी, आता आज पंचमी आहे, हे तुम्ही त्याला सांगा."

मालनबाई इतक्या मोठ्याने हसल्या की मेजरांनी त्यांच्या कोपराला हात लावला. अनुसयावहिनी मातीकडे पाहत राहिल्या आणि पदराने डोळे पुसून घरी गेल्या. त्यांच्याविषयी माझे मत त्या दिवशी किंचित सुधारले. त्यांना निदान सापाची भीती होती. त्यांच्या नवऱ्याला फक्त पाहुण्यांची.

फोड सुकायला वेळ लागला. कोरडी माती, दिवसाआड पोटाला औषधाचे पाणी आणि कोणाचेही न पाहणे, एवढाच उपचार. भाद्रपदात त्याने कात टाकली. त्या कातीबरोबर फोडांचे डागही गेले. त्यानंतर द्वारकेच्या पिंजऱ्यात सापडलेला लहानसा उंदीर यमुनेने मारून संध्याकाळी मडक्यापाशी ठेवला. सकाळी तो नव्हता आणि यमुनेने उडीच मारली.

"इतकी वर्षं मी या घरात उंदीर धरते," द्वारका म्हणाली, "पण आनंदानं उडी मारणारं कोणी आज पहिल्यांदा पाहिलं."

ही बातमी समोर गेली आणि उमाकांतराव परत आले. हातात मिठाईचा पुडा.

"शेषराव, झालं गेलं सोडा. शोकेस रिकामी दिसते हो. तुमचीच माती घालू आपण. फक्त थोडी कमी."

"किती कमी?"

"म्हणजे... पाठ वर राहील इतकी."

मला उत्तर द्यावे लागले नाही. यमुना म्हणाली, "पप्पा, त्याची पाठ वर दिसली की समजायचं, त्याला त्रास होतोय. मतलब दिसत नाही, म्हणूनच तो बरा आहे."

"मग ठेवायचा कशाला?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला. त्याचे उत्तर त्यांना देण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी मिठाई घेतली.

तपासणीच्या आधी विभागप्रमुख स्वतः पाहायला आले. यजमान या नात्याने उमाकांतरावच त्यांना घेऊन माझ्या व्हरांड्यात शिरले. प्रमुखांनी चष्मा सावरून ट्रंकेत पाहिले. सपाट माती, एका कोपऱ्यात मडक्याचे तोंड.

"इसमें तो कुछ नहीं है," ते म्हणाले.

"वही तो सर!" उमाकांतराव म्हणाले. "मैंने कितना कहा, शोकेस में रखो."

बरणी धुऊन ठेवलेली होती, हे यमुना विसरली नव्हती. तिने बाह्या वर केल्या, हात मडक्याजवळ मातीत घातला आणि हळूच वर उचलला. तिच्या दोन्ही हातांवर मांडूळ होते. जाड, तुकतुकीत, नव्या कातडीचे. मधोमध कालच्या उंदराचा फुगवटा. प्रमुखांनी पोट उलटे करून पाहिले, नाक पाहिले, मग चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली. त्या माणसाने माती चोळून पाहिली, म्हणून मी त्याला खुर्ची दिली.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी हिंदीत विचारले.

"मी विचारलं, कशात राहतो," यमुना म्हणाली. "मग आम्ही तिथं जाऊन पाहिलं."

"ठीक है. तपासणीच्या दिवशी ट्रंकेसकट घेऊन ये. नंतर तुझ्याकडेच राहू दे. बरणीत पाल घालू."

तिने त्याला मातीवर ठेवले. जिथून काढला होता, तिथूनच तो परत आत गेला आणि आम्ही सगळे पुन्हा सपाट मातीकडे पाहत राहिलो. ते पाहण्यात फारसे कोणाला काही दिसत नाही. यमुना मात्र बराच वेळ पाहत होती.

शोकेस फार दिवस रिकामी राहिली नाही. दिवाळीच्या सुमारास उमाकांतरावांनी बाजारातून एक लाकडी नाग आणला. रंगवलेला, फणा काढलेला, डोळ्यांत लाल मणी. जपून ठेवलेले संगमरवरी खडे पुन्हा पसरले, वर दिवा लावला. येणारेजाणारे थांबून पाहतात आणि तो कुठे आणला, केवढ्याला, असे विचारतात. परवा मीही गेलो होतो.

"आता सांगा," ते म्हणाले, "खाली काय घातलंय ते बरोबर आहे की नाही?"

मी नीट वाकून पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले की या सापाला हे खडे अगदी योग्य आहेत.